डू बॉइस : घरोघरी जाऊन मोजलं, आणि पुढे?

रानजाई (धागाकर्ती)

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज बसलेच लिहायला. लांबेल, सांभाळून घ्या.

साल १८९६. अठ्ठावीस वर्षांचा एक माणूस, हार्वर्डची पीएचडी मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय, त्याआधी बर्लिनला दोन वर्षं शिकून आलेला, लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले, बायकोला घेऊन फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात एका खाणावळीच्या वरच्या एका खोलीत बिऱ्हाड थाटतो. शहरातली बदनाम वस्ती. खून दाराशी येऊन बसलेला, पोलीस हेच सरकार, आणि परोपकारी मंडळी अधूनमधून सल्ला द्यायला टपकायची, अशा अर्थाचं त्याने नंतर लिहून ठेवलंय.

तर हा माणूस रोज बाहेर पडायचा आणि दारं ठोठवायचा. सुमारे २,५०० घरं. प्रश्नावल्या सहा प्रकारच्या - कुटुंबाची वेगळी, माणसाची वेगळी, घराची, गल्लीची, संस्थांची आणि घरकाम करणाऱ्या नोकरांची. एका घरात दहा मिनिटांपासून तासभर. त्या वॉर्डात तेव्हा ९,६७५ कृष्णवर्णीय राहत होते, हा आकडा आपल्याला माहीत आहे तो याच पायपिटीमुळे.

हा डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं. हुद्दा काय, तर समाजशास्त्राचा 'असिस्टंट'. ऑफिस नाही, शिकवायला वर्ग नाही, विद्यार्थ्यांशी संबंध नाही, आणि विद्यापीठाच्या कॅटलॉगमधून नावसुद्धा गाळलेलं. बोलावलं कशाला होतं तेही ऐका. शहराचा कारभार सडलेला होता आणि सुधारक मंडळींचं मत आधीच बनलेलं होतं की या सडण्याचं मूळ सातव्या वॉर्डातल्या काळ्या मतदारांत आहे, आता फक्त कुणीतरी शास्त्रीय शिक्का मारून द्यायचा. याने शिक्का मारलाच नाही. १८९९ मध्ये 'द फिलाडेल्फिया नीग्रो' छापून आलं त्यात म्हटलं की ही गरिबी आणि गुन्हेगारी लक्षण आहे, रोगाचं मूळ नाही. भाडं जास्त भरून वाईट खोली मिळते, मग पोटभाडेकरू ठेवावे लागतात. कामगार संघटना दारात उभं करत नाहीत, त्यामुळे हातात कसब असूनही धंदा करता येत नाही.

त्यातली एक नोंद मला कायम आठवते. एक मुलगा, याच विद्यापीठाचा मेकॅनिकल इंजिनिअर, जाहिरात बघून अर्ज केला, रेकॉर्ड उत्तम म्हणून नोकरी लागली, काही तास काम केलं, मग लक्षात आलं की हा काळा आहे, काढून टाकला. डू बॉइस लिहितो, आता तो युनिव्हर्सिटी क्लबमध्ये वेटर आहे, जिथे त्याच्याच बरोबरचे गोरे पदवीधर जेवायला येतात. बस. पुढे एक शब्द नाही.

आता माझा प्रश्न. सगळीकडे एक गोष्ट सांगितली जाते की एप्रिल १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज नावाच्या शेतमजुराला जमावाने जाळून मारलं, डू बॉइस तेव्हा तिथल्याच अटलांटा विद्यापीठात होता, निषेधाचं शांत, मुद्देसूद पत्र घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीकडे चालला होता आणि वाटेत कुणीतरी सांगितलं की होजच्या बोटांची हाडं मिचेल स्ट्रीटवरच्या एका किराणा दुकानात मांडून ठेवलीत. तो तिथूनच परत फिरला. आणि म्हणे त्या दिवशी त्याने शास्त्र सोडलं आणि चळवळ धरली. मला ही गोष्ट जरा जास्तच गोळीबंद वाटते. माझं म्हणणं, त्याने समाजशास्त्र सोडलं नाही, त्याला उपाशी ठेवून बाहेर काढलं. तुम्हाला काय वाटतं?

बोरूबहाद्दर

वा, आला एकदाचा हा विषय. आधी उच्चाराचं मिटवू, नाहीतर खाली कुणीतरी 'दुब्वा' लिहिणारच. नाव फ्रेंच आहे पण तो स्वतः 'डू बॉइस' म्हणायचा, जोर शेवटावर, आणि लोकांना दुरुस्तही करायचा.

मूळ मुद्दा. सहमत. त्या काळात 'शास्त्र' म्हणून काय चाललं होतं ते बघितल्याशिवाय याचं काम किती वेगळं होतं ते कळत नाही. १८९६ मध्येच फ्रेडरिक हॉफमन नावाच्या माणसाचं जाडजूड पुस्तक आलं, हा प्रुडेन्शियल विमा कंपनीचा आकडेतज्ज्ञ. तक्तेच तक्ते. निष्कर्ष काय, तर काळ्यांचा मृत्यूदर इतका जास्त आहे की ही जमात आपोआप नष्ट होणार आणि कारण त्यांच्या रक्तातच आहे. डू बॉइसने १८९७ ला त्याचं परीक्षण लिहिलं. आरडाओरडा नाही. नेपल्स, बुडापेस्ट, माद्रिद अशा शहरांचे मृत्यूदर समोर ठेवले, जे अमेरिकेतल्या शहरी काळ्यांच्या बरोबरीचे किंवा वरचे होते. म्हणजे मग माद्रिदवाले पण नष्ट होणार का? हीच गोष्ट आपण आज कुठल्याही कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतो की तुलना कशाशी करताय ते बघा, पण तेव्हा हे सांगणारे फार थोडे होते.

तिखटमीठ

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

जुनं_खोड

माफ करा, पण मी थोडं उलटं बोलणार. 'उपाशी ठेवून बाहेर काढलं' हे जरा रडगाणं होतंय. माणूस १९१० मध्ये स्वतःहून अटलांटा सोडून न्यूयॉर्कला गेला, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या नॅशनल असोसिएशनच्या (एनएएसीपी) 'द क्रायसिस' मासिकाचा संपादक झाला, २४ वर्षं तिथे होता, १९१९ च्या सुमारास खप एक लाखावर. कुठल्या समाजशास्त्राच्या जर्नलचा खप एक लाख असतो हो? त्याला कळलं की आकड्यांनी माणसं बदलत नाहीत. त्यानेच लिहिलंय ना की माणसं जाळली जात असताना शांत, अलिप्त शास्त्रज्ञ राहता येत नाही. मग त्याच्या शब्दावर विश्वास ठेवा की.

आणि फार भारावून जाऊ नका. 'फिलाडेल्फिया नीग्रो' मी वाचलंय पूर्ण. अर्धं पुस्तक आकडे आणि अर्धं पुस्तक प्रवचन. लोकांनी बचत करावी, चैन करू नये, नीतीने वागावं. सगळ्यात खालच्यांना 'सबमर्ज्ड टेन्थ' (बुडालेला दहावा हिस्सा) म्हणून बाजूला काढलंय. हातमोजे घालून काठी घेऊन फिरणारा हार्वर्डचा पीएचडी आहे तो, वस्तीतला नाही.

रानजाई

@जुनं_खोड, प्रवचनाबद्दल १०० टक्के मान्य, ते मलाही टोचतं. आणि वस्तीतल्या लोकांनी त्याला काही हार घालून बोलावलं नव्हतं. आपल्याकडे कुठल्यातरी विचित्र प्राण्यासारखं बघायला आलाय हे त्यांना आवडलं नाही, हे त्याने स्वतः कबूल केलंय. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला दोन वर्षं सर्व्हेचे फॉर्म भरायचं काम केलंय, दार उघडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरचा तो भाव मला माहितीये.

पण 'स्वतःहून गेला' हे अर्धसत्य. सॅम होज १८९९ चा. डू बॉइस अटलांटा विद्यापीठ सोडतो १९१० ला. मधली अकरा वर्षं काय करत होता? दरवर्षी एक परिषद, दरवर्षी एक अहवाल. व्यवसाय, पदवीधर, शाळा, कारागीर, चर्च, गुन्हे, आरोग्य, कुटुंब. योजना अशी होती की दहा विषय घ्यायचे, वर्षाला एक, दहा वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून, आणि हे असं शंभर वर्षं चालवायचं. शंभर! जो माणूस शास्त्र सोडून चाललाय तो शंभर वर्षांचं वेळापत्रक आखतो का?

बोरूबहाद्दर

आणि पैसे कुणी अडवले हे बोला की. १८९५ पासून गोऱ्या देणगीदारांचा लाडका बुकर टी. वॉशिंग्टन, अलाबामातल्या टस्कीगीच्या काळ्यांसाठीच्या शिक्षणसंस्थेचा प्रमुख. त्याचं म्हणणं, राजकीय हक्कांचं सध्या राहू द्या, हाताला काम शिका. १९०३ ला डू बॉइसने 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' मध्ये त्याच्यावर नाव घेऊन टीका केली, १९०५ ला नागरी हक्कांसाठी नायगारा चळवळ काढली, आणि मग अटलांटा विद्यापीठाला देणग्या मिळायला त्रास व्हायला लागला. आपल्यामुळे संस्था अडचणीत येतेय हे त्याला दिसत होतं. १९१० ला 'स्वतःहून' गेला त्याचं हेही एक कारण.

आता गंमत. रॉबर्ट पार्क, ज्याला पुढे शिकागो स्कूलचा (शिकागो विद्यापीठातल्या समाजशास्त्राच्या प्रवाहाचा) आणि अमेरिकेतल्या वंशसंबंधांच्या अभ्यासाचा जनक वगैरे म्हणत आले, तो शिकागोला जायच्या आधी कुठे होता? टस्कीगीला. बुकर टी. वॉशिंग्टनचं लिखाणाचं आणि प्रसिद्धीचं काम बघत होता. अल्डन मॉरिस या समाजशास्त्रज्ञाने २०१५ मध्ये 'द स्कॉलर डिनाइड' नावाचं पुस्तक लिहिलं, त्याचा मुद्दाच हा आहे की अमेरिकेत शास्त्रशुद्ध समाजशास्त्र शिकागोच्या आधी अटलांटाला सुरू झालं होतं, आणि ते नीट झाकलं गेलं.

अर्धविराम

मी फिलाडेल्फियात राहते, त्यामुळे हातची माहिती देते. सातवा वॉर्ड म्हणजे उत्तरेला स्प्रूस स्ट्रीट, दक्षिणेला साउथ स्ट्रीट, पूर्वेला सातवी गल्ली आणि पश्चिमेला थेट स्कूलकिल नदी. लांब आणि अरुंद पट्टा. सहाव्या गल्लीच्या आणि साउथ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्याच्या नावाचं म्युरल आहे, जवळच लोम्बार्डवर मदर बेथेल चर्च अजून उभं आहे. बाकी आता सगळा उच्चभ्रू एरिया झालाय, तुम्हाला सांगितल्याशिवाय कळणार नाही की इथे कोण राहत होतं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१२ मध्ये त्याला मरणोत्तर मानद प्राध्यापक (एमेरिटस) केलं. म्हणजे ज्याला जिवंतपणी वर्गात उभं केलं नाही त्याला मेल्यावर निवृत्त प्राध्यापक. हसावं की रडावं.

तिखटमीठ

निवृत्त करायला आधी नेमावं लागतं ना :D

पाणपोई

धागा चांगला, पण मला इथे एक नाव येत नाहीये याचा राग येतोय. आयडा बी. वेल्स. डू बॉइस सातव्या वॉर्डात फिरायच्या आधी, १८९५ मध्ये, तिने 'अ रेड रेकॉर्ड' काढलं होतं. लिंचिंगच्या, म्हणजे जमावाने माणसं मारल्याच्या घटनांची यादी, साल, नाव, ठिकाण, आरोप. आणि आकडे कुठून घेतले? 'शिकागो ट्रिब्यून' मधून, म्हणजे गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रातून, मुद्दाम, म्हणजे कुणी खोटं म्हणू नये. त्यातून दाखवलं की 'गोऱ्या बाईवर हात टाकला म्हणून मारलं' हे जे सांगितलं जातं, ते बहुतेक प्रकरणांत आरोपातसुद्धा नसतं. हे समाजशास्त्र नाही तर काय आहे? पण ती 'कार्यकर्ती' आणि हा 'विद्वान'.

आणि १९०९ ला नॅशनल असोसिएशनची पायाभरणी करणाऱ्या चाळीस जणांची यादी वाचली गेली तेव्हा वेल्सचं नाव गायब. तिने आत्मचरित्रात त्याचा ठपका डू बॉइसवर ठेवलाय. ज्याला गाळलं जायचं दुःख माहीत होतं त्यानेच दुसऱ्याला गाळलं.

रानजाई

@पाणपोई, हे धाग्यात यायलाच हवं होतं, राहिलं. फिलाडेल्फियाच्या पुस्तकाच्या शेवटी घरकामगारांवरचा मोठा भाग इझाबेल ईटन नावाच्या बाईंनी केलाय, तिचं नाव तरी कोण घेतं.

सांजवात

मी समाजशास्त्रवाली नाही, चित्रकलेवाली आहे, पण डू बॉइसकडे मी दुसऱ्याच दारातून आले. १९०० चं पॅरिस प्रदर्शन. 'अमेरिकन नीग्रो' नावाचं दालन होतं, त्यासाठी त्याने अटलांटाच्या विद्यार्थ्यांकडून साठेक तक्ते हाताने काढून घेतले, शाई आणि जलरंगात. कुणीतरी ते बघाच. लाल, हिरवा, पिवळा, निळा, सपाट रंग. जॉर्जियातले काळे लोक शहरात किती आणि खेड्यात किती हे दाखवायचं होतं. शहराची पट्टी छोटी, आणि खेड्याची पट्टी इतकी लांब की कागदात मावेना, मग तिला चकलीसारखी आत आत गुंडाळलीय. १९०० साली! आधुनिक कला अजून उंबरठ्यावर होती आणि हा माणूस लोकसंख्येची चकली घालत होता.

शिवाय शेकडो फोटो. जॉर्जियातली माणसं, कपडे नीट, नजर सरळ कॅमेऱ्यात. कुणाच्या खाली नाव नाही. आधी मला ते खटकलं, मग कळलं की त्या काळात काळ्या माणसांचे असे समोरून-बाजूने काढलेले फोटो एकतर पोलीस काढायचे नाहीतर कवटी मोजणारे 'शास्त्रज्ञ'. त्याने तोच साचा घेतला आणि त्यात शिक्षक, दुकानदार, तरुण मुली बसवल्या. दालनाला 'ग्राँ प्री' हे मोठं पारितोषिक मिळालं आणि त्याला सुवर्णपदक. आणि तो स्वतः बोटीने गेला कसा, तर सगळ्यात खालच्या वर्गाने, कारण पैसेच नव्हते.

जुनं_खोड

@सांजवात, चकली आवडली. तक्ते आत्ताच पाहिले, खरंच जबरदस्त आहेत, बोललो ते बोललो पण हे मान्य.

तरी माझा मुद्दा तोच. हे सगळं केलं, पदक मिळालं, आणि जॉर्जियात काय फरक पडला? १९०६ ला अटलांटात काळ्यांविरुद्ध दंगल झालीच ना. चाळीस पानी अहवाल घेऊन दंगलखोर थांबले का?

रानजाई

नाही थांबले. आणि ती दंगल झाली तेव्हा तो कुठे होता ते सांगते, कारण तिथेच माझा मुद्दा आहे. तो अलाबामातल्या लाऊन्ड्स काउंटीत होता, सर्व्हे करत. सरकारच्या कामगार खात्यासाठी. कापसाच्या मळ्यांवर वाट्याने राबणारी कुटुंबं, जमीन कुणाची, कर्ज किती, करार काय, न्यायालयात काय होतं, हजारो घरांची माहिती. बातमी कळल्यावर ट्रेन पकडून घरी आला, बायको आणि लहान मुलगी अटलांटात होत्या, आणि बंदूक घेऊन दाराशी बसला. ज्याने आयुष्यात बंदूक चालवली नव्हती तो. (मोठा मुलगा आधीच गेला होता, १८९९ च्या मे मध्ये, घटसर्पाने, दोन वर्षांचाही नव्हता. सॅम होजनंतर महिन्याभरात. ही दोन मरणं एकमेकांशेजारी ठेवून बघा.)

मग तो परत कामाला लागला आणि लाऊन्ड्सचा अहवाल पूर्ण करून दिला. त्याच्या मते त्याचं सगळ्यात चांगलं काम. खात्याने छापला नाही. राजकीयदृष्ट्या नाजूक म्हणे. नंतर याने हस्तलिखित परत मागितलं तर उत्तर आलं की नष्ट केलंय.

@जुनं_खोड, तुम्ही म्हणता आकड्यांनी माणसं बदलत नाहीत हे त्याला कळलं. मी म्हणते आकड्यांना इतकं घाबरत होते की कागदच नष्ट केले. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

बोरूबहाद्दर

हा घ्या सिक्सर.

तरी जुनं_खोड यांच्या बाजूने एक सांगतो. १९४४ मध्ये मागे वळून बघताना डू बॉइसने लिहिलंय की तरुणपणी मला वाटायचं वंशद्वेष हा अज्ञानातून येतो, माहिती दिली की जाईल. तेव्हा मला फ्रॉइड पुरेसा कळला नव्हता, म्हणजे माणूस विचाराने किती कमी वागतो ते, आणि मार्क्सही पुरेसा माहीत नव्हता, म्हणजे त्यामागचं पैशाचं गणित. म्हणजे मोजणं चुकीचं होतं असं नाही, मोजल्यावर माणसं ऐकतील हे गृहीतक चुकीचं होतं.

आणि ते दुरुस्त केल्यावर त्याने काय केलं? १९३४ ला असोसिएशनशी फाटलं, ६६ व्या वर्षी पुन्हा अटलांटा विद्यापीठात समाजशास्त्राचा विभागप्रमुख. १९३५ ला 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन'. त्या काळचे नावाजलेले इतिहासकार सांगत होते की यादवी युद्धानंतर काळ्यांना मताचा हक्क दिला ही घोडचूक होती. याने सांगितलं, युद्ध फिरलं तेच मुळी गुलामांनी मळे सोडून जायला सुरुवात केली म्हणून, तो एक सार्वत्रिक संपच होता. आणि गरीब गोरा कामगार गरीब काळ्याबरोबर का उभा राहिला नाही? कारण त्याला पगार कमी मिळाला तरी वर एक मानसिक मजुरी मिळत होती. बागेत प्रवेश, पोलीस आपले, कोर्ट सौम्य, लोक आदराने बोलतात. फुकटची मजुरी, मालकाच्या खिशातून एक पैसा जात नाही. मला विचाराल तर वंशवादावर आजवर जे लिहिलं गेलं त्यात ही एवढी एक कल्पना पुरेशी आहे.

पाणपोई

'मानसिक मजुरी' ला +१. याला दुसरा शब्द नको.

एकशिंगी

अवांतर असेल तर उडवा. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं हे बहुतेकांना माहीत असेल. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज गेल्याचं वाचलं, अस्पृश्यांचा प्रश्नही तसा मांडायचा विचार आहे, प्रती मिळाल्या तर बरं. आपण या प्रश्नाचे विद्यार्थी आहोत असंही लिहिलंय. डू बॉइस यांचं उत्तर आलं, सहानुभूती व्यक्त केली, प्रत मिळवून पाठवतो म्हणाले. पुढच्याच वर्षी, १९४७ ला, डू बॉइस यांनी स्वतः संपादित केलेला 'ॲन अपील टू द वर्ल्ड' हा अर्ज संयुक्त राष्ट्रांकडे गेला. बाबासाहेब १९१३ ते १६ न्यूयॉर्कला कोलंबियात होते तेव्हा त्याच शहरात 'क्रायसिस' निघत होतं. मला नेहमी वाटतं हे दोघं एकाच रस्त्याने कधीतरी गेले असतील.

रानजाई

अवांतर कसलं, सगळ्यात आतलं आहे. पण इथे जातीवर गाडी वळली की धागा शंभरी गाठेल आणि डू बॉइस राहील बाजूला, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिली येईन.

तिखटमीठ

एक बारीक शंका, पुस्तकाच्या नावात 'नीग्रो' आहे. हा शब्द आता चालत नाही ना? मग त्याने का वापरला?

बोरूबहाद्दर

तेव्हा तो आदराचा शब्द होता, किंवा आदराचा करण्यासाठी भांडण चाललं होतं. इंग्रजीत छापताना पहिलं अक्षर लहान काढायचे, जसं एखाद्या वस्तूचं नाव. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नसल्याने हे दुखणं आपल्याला चटकन कळत नाही. 'फिलाडेल्फिया नीग्रो' च्या अगदी सुरुवातीला तळटीप आहे, की मी हा शब्द मोठ्या अक्षराने लिहिणार, कारण ८० लाख अमेरिकन माणसांचा एका मोठ्या अक्षरावर हक्क आहे असं मला वाटतं. १९१० ला इतिहासाच्या मोठ्या जर्नलमध्ये लेख आला तेव्हा संपादकाने हे अक्षर मोठं करायला नकार दिला. 'न्यूयॉर्क टाइम्स' ने मोठं केलं ते १९३० ला. एका अक्षरासाठी तीस वर्षं.

जुनं_खोड

बरं, शेवटचं तरी मला बोलू द्या, नाहीतर ही आरती होईल. १९५३ ला स्टालिन मेला तेव्हा याने त्याच्यावर स्तुतिपर मृत्युलेख लिहिला. १९३६ ला जपानने बळकावलेल्या मांचुरियात फिरून आला आणि कौतुक करत बसला. अडीच हजार घरांत जाऊन पोटभाडेकरू मोजणारा माणूस तिथे एक दार ठोठवू शकला नाही? यजमानांनी दाखवलं ते बघितलं आणि लिहिलं. म्हणून म्हणतो, शास्त्र सुटलं की असं होतं.

रानजाई

हे मला उडवून लावता येत नाही. खरंच नाही. त्याच्या भक्तांनी यावर पांघरूण घालू नये.

फक्त एवढंच की त्याच सुमाराला घरी काय चाललं होतं तेही बघा. १९४४ ला अटलांटाने ७६ व्या वर्षी सक्तीने निवृत्त केलं. १९५१ ला, ८३ वा वाढदिवस तोंडावर असताना, शांततेच्या अर्जावर सह्या गोळा करणाऱ्या संस्थेपायी 'परकीय हस्तक' म्हणून खटला, हातात बेड्या. आइन्स्टाइन साक्षीला उभं राहायला तयार होता. न्यायाधीशाने खटला काढून टाकला. तरी पुढे १९५८ पर्यंत पासपोर्ट नाही, १९५७ ला घाना स्वतंत्र झालं, आमंत्रण होतं, जाता आलं नाही. शेवटी १९६१ ला गेला, घानाचा अध्यक्ष एन्क्रुमा याच्या बोलावण्यावरून, आफ्रिकेचा ज्ञानकोश करायला. ९३ व्या वर्षी ज्ञानकोश! २७ ऑगस्ट १९६३ ला आक्रात वारला. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टन शहरात नागरी हक्कांचा तो प्रचंड मोर्चा, तिथे व्यासपीठावरून बातमी सांगितली गेली.

अर्धविराम

अमेरिकन समाजशास्त्र संघटनेचा आयुष्यभराच्या कामासाठीचा पुरस्कार २००६ पासून त्याच्या नावाने आहे. नोंद म्हणून सांगते, त्यावरून कुठलाही निष्कर्ष काढायचा नाहीये.

जुनं_खोड

रानजाई, काल रात्रभर तो सातव्या वॉर्डाचा नकाशा उघडून बसलो होतो, पुस्तकाबरोबरचा. प्रत्येक घर वेगळ्या रंगात. चार दर्जे काळ्यांच्या घरांचे : मध्यमवर्ग आणि वर, कष्टकरी ठीकठाक, गरीब, आणि चौथा 'दुर्गुणी आणि गुन्हेगार'. गोऱ्यांची घरं नुसती गोऱ्यांची, त्यांच्यात दर्जे नाहीत. एका छोट्या गल्लीत ओळीने चौथ्या रंगाची घरं आहेत आणि मधेच एक पहिल्या रंगाचं. मला राहून राहून वाटतंय की दहा-वीस मिनिटं बसून एखाद्या घराला चौथा रंग द्यायचा, हे तो समोर बसून कसं करत असेल? म्हणजे त्या बाईला कळत असेल का की आपल्याला कुठला रंग मिळाला?

रानजाई

आमच्या फॉर्ममध्ये शेवटी एक रकाना होता, 'घराची एकंदर स्थिती', सर्व्हे करणाऱ्याने स्वतःच्या मताने भरायचा. तो मी कधीच आत बसून भरला नाही. चहा संपवायचा, आभार मानायचे, दार लागलं की जिन्यात उभं राहून भरायचा.